शब्दचर्चा: समुद्र ‘ओहोटला’ म्हणता येतं का?

माझी मुलगी चार वर्षांची आहे. मला समुद्राचं वेड, आणि ते तिलाही लागावं ही मनापासूनची इच्छा. त्यामुळे पाऊल टाकायला लागल्यापासून ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर असते. परवा पाणी बरंच मागे गेलं होतं. ओल्या वाळूत उभी राहून ती ओरडली, “बाबा, समुद्र ओहोटला!”

“ओहोटी लागली म्हणायचं गं,” असं सवयीने म्हणालो आणि अडखळलो. भरती जर ‘भरणे’वरून आली, तर ओहोटी कशावरून? घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘ओहोटणे’ (‘ओहटणे’ही) हे अस्सल जुनं क्रियापद निघालं: पाणी उतरणे, मागे सरणे. बोलण्यात आता नाम तेवढं राहिलंय. तिने त्या नामावरून आपल्यापुरतं क्रियापद घडवलं आणि ते भाषेत आधीपासूनच होतं! मी तिची माफी मागितली.

मग दुसरी गोष्ट जाणवली. भरती ‘येते’, पण ओहोटी ‘लागते’. जशी गळती लागते, उतरती कळा लागते. धंद्याला, वैभवाला ओहोटी लागली म्हणतो ते याच अर्थाने. मुलांसाठी मात्र ओहोटी म्हणजे लयाला जाणं अजिबात नाही. एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकड्याचं पिल्लू सापडतं. म्हणून मला तिचं ‘ओहोटला’ आवडलं. त्यात हानीची छटाच नाही.

‘गाज’ हा शब्दही तिला असाच दिला. ‘आवाज’ कशाचाही असतो, गाज समुद्राची. आता शंख कानाला लावून “यात गाज आहे” म्हणते. आजूबाजूचेच बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात, हे तिला पुढे सांगेन, आत्ता नाही.

लहान मुलांशी बोलताना तुम्ही समुद्राचे कोणते शब्द वापरता?

प्रतिसाद:
आमच्या आजीच्या तोंडी ‘भरती-सुकती’ असायचं. कोकणीतही ओहोटीला सुकती म्हणतात. पाणी सुकलं, म्हणजे उतरलं. आणि ‘बीच’ऐवजी मुलीला ‘पुळण’ नक्की शिकवा. संस्कृत ‘पुलिन’वरून आलेला शब्द आहे, वाळूच्या किनाऱ्यासाठी यापेक्षा नेमका मला माहीत नाही.

प्रतिसाद:
उधाण आणि भांग ही जोडी राहिली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, चढउतार कमी, तो भांग. उत्साहाला, आनंदाला उधाण येतं हे सगळे बोलतात, भांग मात्र मासेमारी करणाऱ्यांकडेच राहिला. आणखी एक, भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. माझ्या मुलाला मी ‘समुद्र आज उशिरा उठला’ असं सांगायचो. तो रोज घड्याळ बघायला लागला.

मूळ लेखक:
‘पुळण’ कालच दिला, आभार. तिने तो लगेच ‘पुरण’ केला, पण ळ येईल हळूहळू. भांगासाठी अष्टमीची वाट बघतोय.

काल आम्ही पाण्याच्या कडेला हात धरून उभे होतो. लाट पायांवरून परत फिरली की टाचेखालची वाळू निसटते आणि आपण थोडे खाली खचतो, तेव्हा तिने माझं बोट घट्ट आवळलं. खाली बघून म्हणाली, “बाबा, वाळूपण ओहोटते.” या वेळी मी काही सुधारलं नाही. कोशात हा अर्थ दिसला नाही. कुणाच्या बोलीत वाळू ओहोटत असेल, तर जरूर लिहा.