साखर घेतली तरी बेनेडिक्ट टेस्ट निळीच येतेय, काय चुकतंय?

बारावी_सायन्स:
मंगळवारी बायोचं प्रॅक्टिकल आहे आणि मी इथेच अडकलेय. अननोन सॅम्पलची प्रॅक्टिस म्हणून घरची साखर पाण्यात विरघळवून नेली, बेनेडिक्ट (साखर ओळखायचं ते निळं द्रावण) टाकून पाच मिनिटं वॉटर बाथमध्ये ठेवली तरी निळीच. मैत्रिणीच्या ग्लुकोजच्या नळीत मात्र हिरवा, पिवळा होत होत मस्त विटकरी गाळ बसला. एकाने सांगितलं अ‍ॅसिड घालून उकळ, तेही केलं, पण बेनेडिक्ट टाकल्या टाकल्या फसफसलं आणि विटकरी काही आलंच नाही. जर्नलमध्ये शुगर अ‍ॅबसेंट लिहायला हात धजत नाहीये.

केमिस्ट्रीवाला:
नको लिहूस. बेनेडिक्ट कुठलीही साखर पकडत नाही, फक्त रिड्यूसिंग शुगर पकडतं. साखरेने त्यातल्या कॉपरचं रिडक्शन केलं तरच क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी गाळ बसतो, आणि त्यासाठी साखरेचं एक टोक मोकळं लागतं. सुक्रोजमध्ये, म्हणजे तुझ्या घरच्या साखरेत, ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा एकमेकांना जोडलेले, म्हणजे दोन्ही टोकं अडकलेली. लॅक्टोज, माल्टोजमध्ये एक मोकळं राहतं म्हणून ते देतात.

लॅबवाली_ताई:
अगं फसफसलं ना, तिथेच घोळ आहे. बेनेडिक्टमध्ये सोडियम कार्बोनेट असतं, तुझं उरलेलं अ‍ॅसिड ते खाऊन टाकतं, आणि ही टेस्ट अल्कलाइन असल्याशिवाय चालतच नाही. दोन मिली द्रावणात डायल्यूट एचसीएलचे चार-पाच थेंब घाल, दोन-तीन मिनिटं उकळ म्हणजे सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होईल, मग नळी गार होऊ दे आणि खायचा सोडा चिमटी चिमटीने घाल, बुडबुडे थांबेपर्यंत. लाल लिटमस निळा झाला की मगच बेनेडिक्ट. गरम असताना सोडा घालू नकोस हं, भसकन उसळून बाहेर येतं, आमच्याकडे दरवर्षी एकाच्या तरी एप्रनवर जातं. आणि शेजारी अ‍ॅसिड न घातलेली नळी ठेव, निळी राहिलेली ती नळी दाखवल्याशिवाय नॉन-रिड्यूसिंग म्हणता येत नाही.

ऊसपट्टा:
जमलं तर गुळाचं पाणीपण ने, पातळ कर म्हणजे त्याचा स्वतःचा रंग आड येणार नाही. अ‍ॅसिड न घालताच रंग बदलेल, कारण रस आटवताना थोडं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतंच. एकाच उसाचे दोन पदार्थ आणि टेस्ट वेगळी, मला तर हे फार आवडतं.

बारावी_सायन्स:
ताई, झालं!! सोडा घालून केलं, आधी हिरवट, मग एकदम विटकरी, शेजारची निळीच. नॉन-रिड्यूसिंग शुगर प्रेझेंट लिहिलं. गूळ उद्या नेते.