बिझनेस अ‍ॅनालिस्टची उमेदवारी : पहिलं वर्ष कसं गेलं?

पदवी किंवा डिप्लोमा झाल्यावर बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या शिकाऊ उमेदवारीला लागणारी मुलं हल्ली नेहमी विचारतात : कोड लिहायचा नाही, माल विकायचा नाही, मग दिवसभर करायचं काय? माझ्या लेखी हे काम म्हणजे माणसं आपापलं काम खरोखर कसं करतात ते समजून घेणं, आणि प्रोग्रामरला त्यावरून काही बांधता येईल इतकं नेमकं लिहून काढणं. पण एवढ्याने कोणाला काही उमगत नाही. ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांनी पहिल्या वर्षातलं काही लिहा. कोणत्या धंद्याचं काम होतं, शिकवलं कोणी, हातात पैसे किती पडले, सगळं मोकळेपणाने लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

भोसरी, मेकॅनिकल डिप्लोमा

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं काम होतं. मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर सगळं काढून दाखवलं : गेट एंट्री, मग मोजणी आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग क्वालिटीची तपासणी, पास झाला की माल स्टॉकला. मी ते सुबक लिहून काढलं. आमच्या सीनियर मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान. आता स्टोअरमध्ये जाऊन बस. काही विचारू नकोस, नुसतं बघ."

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांच्या खिशात एक छोटी वही असायची. लाइनवर पार्ट संपत आला की सुपरवायझर धावत यायचा आणि क्वालिटी व्हायच्या आधीच माल घेऊन जायचा. काका चलन नंबर, नग आणि नेणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवायचे आणि संध्याकाळी सगळं जुळवायचे. फळ्यावरच्या चित्रात हे कुठेच नव्हतं. आम्ही लिहिलं होतं तसं सॉफ्टवेअर झालं असतं, तर एक तर लाइन थांबली असती, नाहीतर सगळ्यांनी क्वालिटीच्या खोट्या एंट्र्या मारल्या असत्या. मग डॉक्युमेंटमध्ये 'डेव्हिएशनवर इश्यू' (नेहमीचा क्रम सोडून तपासणीआधी माल देणं) अशी वेगळी वाट घातली : प्रॉडक्शन मॅनेजरची मंजुरी, बॅच नंबर सक्तीचा, म्हणजे पुढे माल रिजेक्ट झाला तर ते नग कुठे लागले ते शोधता येईल. ती वही काकांनी आपणहून माझ्यापुढे उघडून ठेवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

डिस्पॅचच्या ताईंनी असंच आणखी एक दाखवलं. माल वाहून नेताना जीएसटीखाली ऑनलाइन काढावं लागतं ते ई-वे बिल. आमच्या कागदात त्याची एकच मर्यादा होती : माल ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा असला की बिल. त्या म्हणाल्या, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाख आहे, आणि जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) माल परराज्यात जात असेल तर रक्कम कितीही असो, बिल लागतंच. एका वाक्याचे तीन नियम झाले, आणि प्रत्येकाची टेस्ट केस वेगळी.

हिंजवडी, बी.कॉम., मूळची साताऱ्याची

मी पैशांबद्दलच लिहिते, कारण त्यावर कोणी बोलत नाही. २०२२ मध्ये नॅट्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेतून लागले. पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये असा नियम होता, त्यातले निम्मे सरकार भरायचं. आमच्या कंपनीने नेमके तेवढेच दिले. कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं, मेस आणि रिक्षा यात ते संपायचे. घरून पैसे यायचे म्हणून टिकले. ज्यांच्या घरून येऊ शकत नाहीत ती हुशार मुलं मध्येच सोडून जातात. माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यात उमेदवार हा 'कामगार' धरला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नसतं. म्हणून रुजू होतानाच करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवला का ते स्वतः लॉगिन करून बघा. एका मैत्रिणीचा करार तिच्या कंपनीने चढवलाच नव्हता. वर्षभर राबून तिला लेटरहेडवरचं एक पत्र मिळालं, सरकारी उमेदवारी बोर्डाचं सर्टिफिकेट नाही.

नाशिक, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर

डिस्चार्जला इतका वेळ का लागतो हे शोधायचं होतं. मे २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामकाने कॅशलेस (ज्याचं बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला भरते अशा) रुग्णाच्या अंतिम मंजुरीला ३ तासांची मुदत घातली. पण घड्याळ सुरू कधी होतं? डॉक्टर राउंडला येऊन "आज घरी जा" म्हणाले, तेव्हापासून नातेवाईक तास मोजतात. नियमातले तास मात्र हॉस्पिटलने विमा कंपनीला विनंती पाठवल्यावर सुरू होतात. मधे डिस्चार्ज समरी टाइप होणं, उरलेली औषधं फार्मसीला परत जाणं, लॅबची बिलं चढणं. या मधल्या वेळेचा मालक कोणीच नव्हता.

मी वॉर्ड, फार्मसी, बिलिंग आणि विमा डेस्क अशा चार पट्ट्या आखून चित्र काढलं आणि प्रत्येक टप्प्याला वेळेची नोंद मागितली. सर्वांत जास्त मदत रात्रपाळीच्या सिस्टरांनी केली. औषधं परत करायचं काम आदल्या रात्रीच सुरू करता येईल हे त्यांनीच सुचवलं. उमेदवाराला सगळे सांगतात, कारण त्याच्या हातात कोणाचं अप्रेझल नसतं. याचा पहिल्या वर्षी भरपूर फायदा घ्या.

लेस्टर, इंग्लंड

बारावीनंतर मी विद्यापीठाऐवजी लेव्हल ४ (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीची) बिझनेस अ‍ॅनालिस्ट अप्रेंटिसशिप घेतली. आई कोल्हापूरची. "डिग्री नाही म्हणजे काय?" यावर घरात बराच काळ धुसफूस होती. इथे साधारण दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकाकडून मूल्यमापन असतं. माझ्या वेळी, २०२३ ला, आठवड्याचे किमान ६ तास नेहमीच्या कामाबाहेर शिकण्यासाठी राखलेले होते, तेही पगारी. मोठ्या कंपन्या २०१७ पासून पगारखर्चाच्या अर्धा टक्का लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरतात, त्यातून फी जाते. वरचं साताऱ्याच्या ताईंचं वाचून वाटलं, की पगारी शिकण्याचे तास करारातच लिहिलेले असणं तिकडेही हवं.

मुंबई, मूळचा लातूरचा

मीटिंग इंग्रजीत चालायची, मी गप्प बसायचो. पण मिनिट्स (मीटिंगचा वृत्तांत) लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी त्याच संध्याकाळी पाठवायचो : काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. हळूहळू भांडण झालं की लोक माझी मेल उघडायला लागले. बँकेच्या शाखेतल्या कॅशियरशी तर मी मराठीतच बोलायचो. सिस्टीम कुठे अडते ते त्यांनी मला अर्ध्या तासात सांगितलं, जे सर्व्हे फॉर्ममधून कधीच आलं नसतं.

एकाने मला खासगीत विचारलंय, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) किती यायला हवं? जॉइन (दोन तक्ते जोडणं) आणि ग्रुप बाय (गटवार बेरजा) आलं की पहिल्या वर्षाला पुरतं. एक्सेलमध्ये पिव्होट (गोषवारा तक्ता) आणि व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणं) हवंच. सर्टिफिकेटवर हजारो रुपये घालण्याआधी हे पक्कं करा. आणि इंटरव्ह्यूला जाताना ओळखीच्या एखाद्या दुकानाची किंवा पतसंस्थेची कामाची पद्धत दोन पानांत लिहून न्या. मी आता मुलाखती घेतो, तेव्हा ती दोन पानंच आधी वाचतो.