चॅप्लिनच्या लघुपटांतला जाड भुवयांचा तो धिप्पाड नट कोण?

सायंतारा:
गेल्या महिन्याभरात चार्ली चॅप्लिनचे १९१६ आणि १९१७ मधले लघुपट मी नऊ वर्षांच्या भाच्यासोबत ओळीने पाहिले. जवळजवळ प्रत्येक पटात एकच धिप्पाड नट चार्लीच्या मागे हात धुऊन लागलेला दिसतो. तो कधी खानावळीतला वाढपी असतो, कधी वस्तीतला गुंड, तर कधी पायाला भलेमोठे बँडेज बांधलेला श्रीमंत रुग्ण. त्याच्या भुवया इतक्या जाड रंगवलेल्या असतात की भाच्याने त्याचे नाव ‘भुवईराक्षस’ ठेवून टाकले आहे. १९१८ पासूनच्या पटांत मात्र आम्ही त्याची वाट पाहत राहिलो आणि तो आलाच नाही. हा नट कोण होता आणि असा एकाएकी कुठे गेला? दुसरी शंका अशी की, अशा नटाकडून देहयष्टीपलीकडे काही अपेक्षित असे का, की उंच आणि जाड असणे एवढीच त्याची पात्रता होती?

पिटातला प्रेक्षक:
त्याचे नाव एरिक कॅम्पबेल. चॅप्लिनप्रमाणेच तोही इंग्लंडमध्ये फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीत काम केलेला नट होता, आणि शब्दांवाचून विनोद उभा करण्याची तालीम त्या मंडळीत कशी कसून होत असे, हे दोघांच्याही हालचालींत दिसते. १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीने चॅप्लिनला आठवड्याला १०,००० डॉलर आणि त्याशिवाय दीड लाख डॉलर देऊन बारा लघुपटांसाठी करारबद्ध केले, तेव्हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम करणाऱ्या कॅम्पबेलला चॅप्लिनने आपल्या चमूत घेतले. बारापैकी अकरा पटांत तो आहे. उरलेला ‘वन ए. एम.’ हा जवळजवळ एकपात्री प्रयोग असल्याने तिथे त्याला जागाच नव्हती.

तो कुठे गेला, याचे उत्तर दुःखद आहे. जुलै १९१७ मध्ये त्याची पत्नी अकस्मात वारली आणि त्याच सुमारास त्याची मुलगी मोटारीच्या धडकेने जखमी झाली. त्यानंतर त्याने घाईने केलेले दुसरे लग्नही टिकले नाही. २० डिसेंबर १९१७ रोजी पहाटे लॉस एंजेलिसमध्ये मद्यधुंद अवस्थेत मोटार चालवत असताना झालेल्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या अस्थींचे दफन १९५२ पर्यंत झाले नव्हते. मे १९१६ मधल्या ‘द फ्लोअरवॉकर’पासून ऑक्टोबर १९१७ मधल्या ‘द अ‍ॅडव्हेंचरर’पर्यंत, म्हणजे जेमतेम दीड वर्षात, त्याची पडद्यावरची कारकीर्द आटोपली.

रिळवाला:
वरील माहितीत भर न घालता मी तुमच्या दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण तिचे उत्तर देणारा पुरावा सुदैवाने रिळांवरच शिल्लक आहे. म्युच्युअलच्या काळातील चॅप्लिनची वापरात न आलेली बरीच दृश्ये नष्ट होता होता वाचली आणि केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९८३ च्या एका दूरचित्रवाणी मालिकेत ती लोकांसमोर आणली. त्यात ‘द इमिग्रंट’मधल्या खानावळीच्या प्रसंगाची आधीची आवृत्ती पाहायला मिळते. तिथे वाढप्याचे काम हेन्री बर्गमन करतो. बर्गमनही चांगला लठ्ठ होता आणि कसलेला नट होता, पण त्याचा वाढपी रागावला तरी फार तर कटकट्या वाटतो. चॅप्लिनने केलेले चित्रण बाजूला ठेवले, कॅम्पबेलला उभे केले आणि प्रसंग पुन्हा घेतला. बर्गमनला मग त्याच पटात चित्रकाराची भूमिका मिळाली.

हा बदल किती मोठा आहे, हे प्रसंग पाहताना कळते. शेजारच्या टेबलावरच्या एका गिऱ्हाइकाकडे दहा सेंट कमी पडतात म्हणून वाढपी मिळून त्याला बेदम मारतात. ते पाहिल्यावर आपले नाणे फाटक्या खिशातून पडून गेल्याचे चार्लीला उमगते. पुढचा सगळा विनोद वाढप्याच्या एकेका नजरेवर तोललेला आहे. मार खरोखरच पडेल असे वाटले नाही, तर नाणे मिळवण्याच्या त्या खटपटीत हसण्यासारखे काही उरत नाही. जाड माणसे तेव्हा हॉलिवूडमध्ये पैशाला पासरी मिळत असतील, पण नुसत्या बघण्याने प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणणे हे अभिनयाचेच काम आहे.

‘ईझी स्ट्रीट’मध्येही तेच. चार्ली दांडक्याने त्याच्या डोक्यावर घाव घालत राहतो आणि हा ढिम्म. मग आपली ताकद दाखवायला तो रस्त्यावरचा गॅसदिवा खांबासकट वाकवतो, तेव्हा चार्ली पाठीवर उडी मारून दिव्याची काचपेटी त्याच्या डोक्यावर ओढतो, गॅस सोडतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरच्या थाटात त्याची नाडी पाहतो. या चित्रणात दिव्याचा खांब पडून चॅप्लिनच्या नाकाला इजा झाली होती, म्हणजे असली दृश्ये वाटतात तितकी निर्धोक नव्हती.

मोगरा_७२:
मला थोडे वेगळे वाटते. कॅम्पबेल उत्तम होता, पण त्याला बहुतेक वेळा एकच सूर मिळाला. या जातीच्या नटाची खरी पोच पाहायची असेल, तर मॅक स्वेनकडे पाहावे. कीस्टोन कंपनीत ‘अँब्रोज’ या पात्राने नाव मिळवलेल्या या नटाचे पुढे एका निर्मात्याशी बिनसले आणि कामे आटली, असे सांगतात. १९२१ पासून चॅप्लिनने त्याला पुन्हा उभे केले. ‘द गोल्ड रश’मधला त्याचा बिग जिम भुकेने भ्रमिष्ट होऊन चार्लीला कोंबडी समजतो, तेव्हा तो एकाच वेळी भयानक, केविलवाणा आणि मित्रही असतो. त्याच पटात दोघे भुकेपोटी शिजवून खातात तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, पण स्वेनच्या चेहऱ्यावरची किळस पाहून चामड्याची चव आपल्याच जिभेवर येते.

त्याच काळातला दुसरा मूकपट-विनोदवीर बस्टर कीटन याच्याकडचा जो रॉबर्ट्सही विसरू नका. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त तो पिढीजात वैर जपणारा घरमालक आहे, पण पाहुणा छपराखाली असेपर्यंत त्याला मारायचे नाही, या रिवाजाने त्याचे हात बांधलेले आहेत. धिप्पाड माणसाच्या अंगावर सभ्यतेचे हे जोखड पाहताना फार गंमत वाटते. त्या पटाच्या चित्रणादरम्यान त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी त्याने परत येऊन काम पुरे केले आणि १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला.

रिळवाला:
बिग जिमबद्दल संपूर्ण सहमत. एक सूर मात्र मान्य नाही. ‘द काउंट’मध्ये कॅम्पबेल श्रीमंतांच्या घरी सरदाराच्या तोऱ्यात घुसू पाहणारा शिंपी आहे आणि त्याची सारी धडपड आपले बिंग फुटू नये यासाठी आहे. शिवाय ‘द गोल्ड रश’ दीर्घपट आहे आणि कॅम्पबेलच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटांचेच पट आले. त्याच्या जाण्यानंतर त्या ताकदीचा कायमचा खलनायक चॅप्लिनला पुन्हा मिळाला नाही, असे माझे मत आहे.

सायंतारा:
सर्वांचे मनापासून आभार. तो कसा गेला हे मी भाच्याला अजून सांगितलेले नाही. ‘ईझी स्ट्रीट’ मात्र काल पुन्हा लावला. शेवटी तोच गुंड सुधारून, चांगले कपडे घालून बायकोसोबत प्रार्थनागृहाकडे निघतो, तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, याने भुवया पुसल्या का?” त्या पुसलेल्या नाहीत, हे आम्ही दृश्य दोनदा थांबवून पाहिले. आता रॉबर्ट्सचा एखादा छोटा पट सुचवाल का?

मोगरा_७२:
१९२० चा ‘वन वीक’ पाहा. त्यात तो अख्खा पियानो एका खांद्यावर घेऊन येतो आणि कीटनच्या हवाली करतो.