वीजमागणीचे अंदाज: मोजमाप नक्की कशाचे होते?

वीजगणित
विकसनशील देशांत पुढील १०-१५ वर्षांच्या वीजमागणीचा अंदाज बांधताना अरिमा (मागील वर्षांच्या आकड्यांवरूनच पुढचे आकडे काढणारे कालश्रेणी प्रारूप) किंवा लॉग-रेषीय रिग्रेशन (वीजवापराचे उत्पन्नासारख्या घटकांशी नाते मांडणारे समीकरण) यांसारखी प्रारूपे सर्रास वापरली जातात, त्याला माझा मूलभूत आक्षेप आहे. त्यांना पुरवले जाणारे आकडे बहुधा विकल्या गेलेल्या विजेचे असतात, आणि जिथे भारनियमन होते तिथे विक्री पुरवठ्यावर ठरते. एखाद्या उपकेंद्रातील फीडरची, म्हणजे तिथून निघणाऱ्या वीजवाहिनीची, तासवार नोंदवही पाहावी: दुपारी दोन ते चार भार शून्य, आणि वीज परत येताच पंप, फ्रिज, पंखे एकदम सुरू झाल्याने काही काळ नेहमीपेक्षाही जास्त भार. विकलेल्या युनिटांवर विसंबलो तर मागणी कमी दिसते आणि त्या क्षणाचा उच्चांक धरला तर फुगलेली दिसते. घानामध्ये २०१२ ते २०१५ या काळात, लोक ज्याला ‘डुमसोर’ म्हणत त्या अखंड भारनियमनात, नोंदवलेल्या विक्रीवरून भविष्य काढणे कितपत शास्त्रीय ठरले असते?

आकडेमोड
निदान मान्य, पण त्यातून सुचणारा उपचार, म्हणजे पुरवठ्याअभावी न वापरली गेलेली वीजही मागणीत मिळवणे, मान्य नाही. ‘दबलेली मागणी’ या नावाखालीच सर्वाधिक फुगवलेले अंदाज खपवले गेले आहेत. आपणच घानाचे नाव घेतलेत म्हणून पुढची गोष्टही सांगतो. टंचाईच्या धास्तीने तिथे वीजखरेदीचे करार झाले, आणि २०१९ साली अर्थमंत्र्यांना सांगावे लागले की स्थापित क्षमता ५,००० मेगावॉटच्या वर असून कमाल मागणी २,७०० मेगावॉटच्या आसपास आहे आणि न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागत आहेत. भारताच्या अठराव्या विद्युत सर्वेक्षणात (देशाच्या वीजमागणीचा सरकारी अंदाज) ग्राहकवर्गनिहाय वापरावरून बेरीज करत २०१६-१७ साठी जवळपास २ लाख मेगावॉट कमाल मागणी वर्तवली होती. प्रत्यक्षात ती १ लाख ६० हजारांच्या घरात राहिली. कालश्रेणी प्रारूपाचा एक गुण तरी मान्य करा: शेवटची पाच वर्षे झाकून ठेवून ते तपासता येते.

वीजगणित
घानातील करारांचा दोष घाईत सह्या करणाऱ्यांचा; त्यावरून दबलेली मागणी खोटी ठरत नाही. झाकून तपासण्याचे म्हणाल, तर वार्षिक नोंदी असतात जेमतेम तीस, आणि त्यांतल्या पाच झाकून काय सिद्ध होणार? ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते की एकमेकांशी संबंध नसलेल्या, पण काळानुसार भरकटत जाणाऱ्या दोन मालिकांतही रिग्रेशन भक्कम नाते दाखवू शकते. उत्पन्न आणि वीज या दोन्ही तर चढत्याच मालिका. सहएकात्मतेच्या चाचण्या (दोन मालिकांत खरेच दीर्घकालीन नाते आहे का हे पाहणाऱ्या) त्यावर उपाय म्हणून आल्या खऱ्या, पण तीस नोंदींवर त्यांचा कौल डळमळीत असतो. शिवाय उत्पन्नवाढीचा पुढचा आकडा लागतोच, आणि तिथे बहुतेक वेळा सरकारचे उद्दिष्टच घातले जाते. (उद्दिष्ट कमी असलेले सरकार अजून पाहण्यात नाही.)

रोहित्र
आपण दोघेही एकाच आकड्यावर भांडत आहात. आज ५,००० मेगावॉट मागणी असलेल्या देशात दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी सुमारे ८,१५० मेगावॉट होतात आणि ७ टक्के धरली तर ९,८००च्या वर जातात. हा फरक एका मोठ्या औष्णिक प्रकल्पाएवढा आहे, आणि कोणतीही पद्धत हा दोन टक्क्यांचा फरक खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून एका आकड्याऐवजी कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा आणि त्याची संभाव्यता द्यावी. दुसरे असे की मागणीची व्याख्याच बदलते आहे. पाकिस्तानने एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉट क्षमतेचे सौर पॅनेल आयात केले. छतावरचा हा वापर वितरण कंपनीच्या मीटरवर दिसत नाही, त्यामुळे घटत्या विक्रीवरून लोक कमी वीज वापरतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

आकडेमोड
पट्टा कागदावर शोभतो. करारावर एकच आकडा लिहावा लागतो, आणि ज्याला प्रकल्प हवा आहे तो पट्ट्याची वरची कड उचलतो. त्यापेक्षा अंदाज दरवर्षी नव्याने करावा, करारांच्या मुदती लहान ठेवाव्यात आणि प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर मागील अंदाज व प्रत्यक्ष मागणी शेजारी-शेजारी छापण्याची सक्ती असावी.

रोहित्र
लहान मुदतीच्या करारावर बँक प्रकल्पाला कर्ज देईल का? दिले तरी व्याज चढे राहील आणि ते शेवटी दरातच येईल. ही किंमत आपल्या सूचनेत धरलेली नाही.

वीजगणित
शेजारी-शेजारी छापण्याची सूचना मला मान्य आहे, एका अटीवर. ‘प्रत्यक्ष’ या रकान्यालगत त्या वर्षातील भारनियमनाचे तासही छापावेत, कारण एरवी वीज न पुरवताच कमी अंदाज अचूक ठरवता येतो.