पिकअपचा मागचा क्रॉस टिकत नाही, १३५० काढून १४८० टाकावा का?

मंडळी, सल्ला हवा आहे. डिझेल पिकअप, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग, तिन्ही क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार भुजांचा तुकडा, प्रत्येक भुजेवर सुयांच्या बेअरिंगचा कप) १३५० सिरीजचे, म्हणजे त्या मापाचे. त्यातला डिफरन्शियलकडचा सारखा जातोय. रिव्हर्समधून पहिला टाकला की खट्ट वाजायला लागतं, मग कपाच्या कडेला लाल भुकटी दिसते, की समजायचं दिवस भरले. पुढचे दोन ठणठणीत आहेत.

ट्रेलर ओढायचा असतो म्हणून मागे एक जादा पाटा टाकून घेतलाय. इंजिन, टायर सगळं कंपनीचंच.

आता एकदाच भक्कम काम करावं म्हणतो. १४१० चा कप १३५० एवढाच, ३०.२ मिमी, फक्त क्रॉसची लांबी ९२ वरून १०६ मिमी होते. १४८० ची लांबी १४१० इतकीच, पण कप ३४.९ मिमी. म्हणजे जाड भुजा हवी तर १४८०च, आणि मग योक (क्रॉस धरणारा चिमटा) बदला, शाफ्ट पुन्हा बॅलन्स करा, सगळं आलं. एवढं करावं का? आणि निपलवाला (ग्रीस भरता येणारा) घ्यावा की सीलबंद? रस्त्यात पाणी-चिखल बराच असतो.

जाता जाता : रिकामी गाडी ७० च्या पुढे थरथरते, माल भरला की थांबते. बहुधा टायरचं असेल.

प्रतिसाद १

जाता जाता लिहिलंत तेच मुख्य आहे. टायर माल बघून थरथरत नाही हो! कोनात चालणारा क्रॉस दर फेऱ्याला दोनदा शाफ्टचा वेग कमी-जास्त करतो. त्याच शाफ्टच्या पुढच्या टोकाचा, म्हणजे मधला, क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ते फिटतं. पाट्याने मागची बाजू उचलली, त्यात पिनियनचं (शाफ्ट जोडतो तो डिफरन्शियलचा दांडा) तोंडही फिरलं असणार. मधला टिकतो आणि मागचा जातो, ते त्यामुळेच.

अँगल गेज लावून पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि पिनियन मोजा. प्रत्येक क्रॉसपाशी लगतच्या दोन भागांतला कोन साधारण १ ते ३ अंश हवा, दोन टोकांत फरक १ अंशाच्या आत. शून्यही नको, कपातल्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात.

जुना क्रॉस असेल तर बघा. भुजा तुटली असेल तर झटक्याचा भार. सुयांच्या रेषा उमटल्या असतील तर टॉर्क झेपत नाही, तेव्हा मोठी सिरीज. टोकं खरवडली असतील तर कोन किंवा वाकडा योक. लाल भुकटी म्हणजे ग्रीस संपलं, एवढंच.

सीलबंद क्रॉस आतून भरीव असतो म्हणून जास्त ताकदीचा. पण चिखलात मी निपलवालाच घेईन, चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा.

धागाकर्ता

जुना सापडला. टोकं खरवडलेली, रेषा नाहीत, म्हणजे कोनाचंच. मधला कोन ३ अंश, मागचा ६! पिनियन फिरवायला पाट्याखाली ३ अंशांची पाचर टाकली तर पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुनेच चालतील का?

प्रतिसाद २

नवेच टाका, एकदा ताणलेले पुन्हा आवळू नयेत. आणि पाचरीचं जाड टोक कुठे हे मोजून ठरवा. उलटी बसली तर ६ चे ९ होतील.