मदत हवी आहे: एमआरआय नॉर्मल, तरी पार्किन्सन?

सासूबाई, वय ७१. काही महिन्यांपासून उजवा हात थरथरतो. हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, गोळी वळत असल्यासारखी. कप उचलला की थरथर थांबते. चालताना तो हात हलत नाही, अंगाला चिकटूनच राहतो. अक्षरही बारीक झालंय. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटाकडे वाचताच येत नाही. बँकेत सही जुळेना, तेव्हा आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो.

एमआरआय नॉर्मल आला, तरी त्यांनी पार्किन्सन सांगून त्यावरचं लेवोडोपा-कार्बिडोपा हे औषध सुरू करायला सांगितलंय. अजून केलेलं नाही. प्रश्न दोन:

१. एमआरआयमध्ये काही नसताना निदान कसं झालं?
२. चक्कर येते म्हणून त्या बरेच महिने सिनारिझिन घेताहेत. त्याचा काही संबंध असेल का? हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं, फाईलमध्ये ती चिठ्ठीच नव्हती.

कोणाच्या घरी असा अनुभव असेल तर सांगा. "कंपवात आहे, काही होत नाही" हे सल्ले नातेवाइकांकडून भरपूर मिळालेत, ते नकोत.

प्रतिसाद १
ताई, पहिल्या प्रश्नाचं सांगते, वडिलांना हा आजार आहे म्हणून. पार्किन्सनचं निदान मुख्यतः तपासूनच होतं: हालचाली मंदावणं, स्नायूंचा ताठरपणा, स्वस्थ असताना होणारी थरथर, आणि बहुतेकदा एकाच बाजूने सुरुवात. एमआरआय करतात तो इतर कारणं वगळायला, तो नॉर्मल येणं नेहमीचंच. कप उचलताना, लिहिताना वाढणारी, दोन्ही हातांची थरथर वेगळी, तिला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात आणि तिची औषधंही वेगळी.
सासूबाईंना वास कमी येतो का? जुनं बद्धकोष्ठ? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात? वडिलांचं हे सगळं हाताच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, पण त्याचा मेंदूशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात येणार!

प्रतिसाद २
दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, काही मानसिक आजारांवरची औषधं ही सगळी डोपामिनची, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची, वाट अडवतात. त्यातून हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. औषध बंद केल्यावर बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. काहींची ओसरत नाहीत, कारण मूळ आजार आतून सुरू झालेलाच असतो आणि औषधाने तो फक्त उघडा पाडलेला असतो. एकाच बाजूची थरथर खऱ्या पार्किन्सनकडे जास्त झुकते, पण तेवढ्यावरून ठरवू नका. गरज वाटली तर डॉक्टर डॅट स्कॅन (मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का ते दाखवणारा) सुचवतील. औषधामुळे झालेल्या प्रकारात तो सहसा नॉर्मल येतो, खऱ्या पार्किन्सनमध्ये नाही.
आपल्या मनाने काही बंद किंवा सुरू करू नका. घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून न्या, पोटाचीसुद्धा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. वास कमी झालाय हे विचारल्यावर कळलं, फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसतो. झोपेचं विचारते.
पाकिटं काढली तर पित्ताच्या कॅप्सूलवर पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लेवोसल्पिराइड लिहिलंय. हेही त्यातलंच का?

प्रतिसाद २
हो, त्याच जातीचं. साधं पित्ताचं औषध समजून लोक ते महिनोन् महिने घेत राहतात. दोन्ही नावं आणि कधीपासून घेताहेत ते कागदावर लिहून, पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. लेवोडोपा आताच सुरू करायचं की आधी ही बंद करून बघायचं, हे ते ठरवतील. पुढे लेवोडोपा सुरू झालंच तर लोहाच्या गोळीबरोबर आणि डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेऊ नका, शोषण कमी होतं. सुरुवातीला मळमळलं तर उलटीची गोळी मात्र विचारूनच, मेटोक्लोप्रमाइड चालणार नाही.