काका-काकूंचे फोटो चिकट अल्बममधून कसे सोडवायचे?

प्रश्न: दिवंगत काका-काकूंच्या आठवणींचा संग्रह करायचा आहे. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेत, आणि काकूंच्या आवाजाची एक कॅसेटही आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी पानं आहेत तशीच स्कॅन करा. क्रम आणि काकूंनी लिहिलेल्या ओळी पुन्हा मिळत नाहीत. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हळू पुढे-मागे न्या. नखाने उचकटलं की फोटो वाकतो आणि वरचा थर तडकतो. हेअर ड्रायर नकोच, उष्णतेने तो थर मऊ होतो. ४ बाय ६ इंची फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) पुरे. २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवता साठवणारी फाइल), वाटायला जेपेग (लहान आकाराची फाइल). फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

उत्तर २: फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. नुसतं ‘काका’ लिहून भागत नाही. कोणाचे काका? पुढच्या पिढीला कळणार नाही. पूर्ण नाव घाला.

उत्तर ३: कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान आधी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. आतला स्पंजचा तुकडा गळला असेल तर आवाज दबका येतो. दोष टेपचा नसतो. टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मगच वाजवा. संगणकावर घेताना वेव्ह फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारी) करा.